पिवळ्या धातूच्या पाटल्या, नग दोन

(जिल्हा कार्यकर्ती शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळी वकीलताईंनी स्त्रीधनाचा कायदा समजावून सांगितला. दुपारच्या जेवणानंतर मला बोलायला उभं केलंय आणि विषय दिलाय सोन्याचा. जेवणानंतर झोप येते, पण सोन्याचं नाव काढलं की येणार नाही, असा संयोजकांचा हिशेब असावा. हसताय ना? मीही हसले होते. ‘आपण हुंड्याविरुद्ध बोलणाऱ्या बायका, आता दागिन्यांवर वर्ग घ्यायचे का?’ असं एकीने मला विचारलंसुद्धा. त्याचं उत्तर शेवटी देते.

आधी एक काम करू. या रुमालात दोन पाटल्या आहेत. एक पहिल्या ओळीत फिरवा, दुसरी मागच्या ओळीत. एक खरी आहे, आपल्या एका मैत्रिणीने विश्वासाने दिली आहे. दुसरी माझी आहे आणि ती खोटी आहे. आत पितळ, वरून सोन्याचं पाणी. हातात घ्या, बघा, पुढे द्या. कोणती कोणती, ते इतक्यात बोलू नका.

त्या फिरतायत तोवर माझी गोष्ट सांगते. आपल्यापैकी काही जणींना ती माहीत आहे, पण आज ती वेगळ्या कारणासाठी सांगायची आहे.

माझं लग्न १९८८ साली झालं. आईने स्वतःची मोहनमाळ मोडून मला दोन पाटल्या केल्या. भरीव, दोन-दोन तोळ्यांच्या. लग्नानंतर आठच दिवसांत सगळे दागिने ‘नीट राहावेत म्हणून’ सासूबाईंच्या कपाटात गेले. सणावाराला निघायचे, परत आत जायचे. १९९४ साली मी मुलीला घेऊन घर सोडलं. का सोडलं ते आज नको. दागिने परत मागितले. पोलीस ठाण्यात दोन्ही बाजूंची माणसं बसली, टेबलावर एक पुरचुंडी सोडली गेली आणि हवालदारांनी यादी लिहिली. त्या यादीतली एक ओळ मला अजून पाठ आहे: ‘पिवळ्या धातूच्या पाटल्या, नग दोन.’ खाली लिहिलं, ‘वरील सर्व जिन्नस मिळाले, काही तक्रार नाही.’ मी सही केली. पाटल्या हलक्या वाटल्या होत्या का? खरं सांगायचं तर वाटल्या होत्या. पण त्या दिवशी माझे हात थरथरत होते, मुलगी रडत होती आणि मला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं.

पाटल्या तशाच डब्यात राहिल्या. १९९८ मध्ये मुलीच्या शाळेसाठी पैसे लागले, म्हणून त्या गहाण टाकायला घेऊन गेले. सराफाने कसोटीच्या दगडावर रेघ ओढली, बघितलं, मग काठावर कानस मारून पुन्हा रेघ ओढली आणि तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ हिरवट झाली आणि डोळ्यांदेखत नाहीशी झाली. दुकानात गिऱ्हाईकं होती. ते हळूच म्हणाले, “ताई, याला नुसतं पाणी दिलंय.”

फसवणूक झाली याचं दुःख होतंच. पण खरं दुःख पुढे आलं. घरी आल्यावर नात्यातल्या एकीने विचारलं, “मुळातच तशा दिल्या नव्हत्या ना?” म्हणजे माझ्या आईवरच संशय! सासरच्यांनीही तेच म्हटलं, ‘जे दिलं होतं तेच परत केलं.’ आईकडे पावती नव्हती. घरच्या सोनाराकडून करून घेतलेल्या वस्तूची पावती त्या काळी कोण मागायचं? आई एकच वाक्य धरून बसली, “मी उभं राहून तोलून घेतल्या. एकेक दोन तोळ्यांची होती.” आणि रडायची. म्हातारपणी, स्वतःची माळ मोडून लेकीला दिलेल्या सोन्याबद्दल तिला खोटेपणाचा डाग सोसावा लागला. २००४ मध्ये ती गेली, तोवर तो विषय घरात मिटला नव्हता.

आता नीट ऐका, कारण माझ्या भाषणाचा गाभा इथे आहे. सराफाकडे त्या दिवशी वजन झालं तेव्हा एका पाटलीचं अकरा ग्रॅम आणि थोडं वर भरलं होतं. आई म्हणत होती दोन तोळे. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे २३ ग्रॅमच्या वर. हल्ली सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो धरला तरी २० ग्रॅम. जी पाटली देताना तराजूत दोन तोळे भरली, ती दहा वर्षांत निम्मी होत नाही. सोनं झिजतं, पण इतकं नाही. म्हणजे आईने दिलेली पाटली ही नव्हतीच. त्याच घडणीची, त्याच मापाची दुसरी करून पुरचुंडीत ठेवली होती. आईचं खरं होतं.

हे मला कळलं कधी? ती गेल्यावर, या कामात पडल्यावर, वजनाचं गणित शिकल्यावर. आणि पोलिसांच्या त्या यादीत ‘नग दोन’च्या पुढे फक्त वजन लिहिलेलं असतं, तर १९९४ सालीच त्या टेबलावर सगळं उघड झालं असतं. हवालदारांवर माझा राग नाही. धातू कोणता ते पोलीस ठरवू शकत नाहीत, म्हणून पंचनाम्यात ‘पिवळ्या धातूचे’ असंच लिहायची रीत आहे. पण वजन कोणीही लिहू शकतं. मी मागायला हवं होतं. मला माहीत नव्हतं.

तर सोन्याकडे येऊ. आधी शब्द साफ करून घेऊ, कारण शब्दांत घोळ असला की केसमध्येही घोळ होतो.

भरीव सोनं म्हणजे आरपार एकच धातू. तो चोवीस कॅरेटचा क्वचितच असतो. शुद्ध सोनं मऊ, म्हणून त्यात तांबं-चांदी मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे १००० भागांत ९१६ भाग सोनं, १८ कॅरेट म्हणजे ७५०. कमी कॅरेटचं सोनं हे खोटं सोनं नव्हे. ते कमी कसाचं सोनं आहे, त्याची किंमत त्या हिशेबाने.

पोकळ किंवा लाख भरलेलं सोनं हा दुसरा प्रकार. बोरमाळेचे मणी, कोल्हापुरी साजातले मणी बरेचदा सोन्याच्या पातळ पत्र्याचे असतात आणि आत लाख. हेही खोटं नव्हे. पण वजनात लाख धरली की बाई फसते. इथे आम्ही स्वतः एकदा चुकलो होतो. एका मैत्रिणीची बोरमाळ परत आली, सराफाने सोन्याचं वजन तिच्या सांगण्यापेक्षा बरंच कमी सांगितलं. आम्ही अदलाबदल झाली म्हणून तक्रार लिहायला बसलो. मग तिच्या आईला विचारलं, तर कळलं की तिने सांगितलेलं वजन लाखेसकटचं होतं. माळ तीच होती. नवऱ्याची बाकीची कृत्यं कितीही वाईट असोत, जे त्याने केलं नाही ते त्याच्या माथी मारलं असतं तर आपलीच केस पडली असती.

तिसरा प्रकार मुलाम्याचा. तांबं, पितळ किंवा चांदीवर सोन्याचा थर. बाजारात याला बेंटेक्स म्हणतात, ‘एक ग्रॅम सोनं’ म्हणतात. ‘एक ग्रॅम’ हे धंद्यातलं नाव आहे. प्रत्येक डागावर एक ग्रॅम सोनं असतंच असं मुळीच नाही. साध्या मुलाम्याचा थर एका मायक्रॉनपेक्षाही कमी असू शकतो, चांगला असला तर दोन-तीन मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. असे दागिने घालण्यात कमीपणा काही नाही. गळ्यातली साखळी ओढून नेतात म्हणून कित्येक जणी तेच घालतात, मीही घालते. खोटं घालणं हा गुन्हा नव्हे. खोटं खरं म्हणून देणं हा गुन्हा आहे.

आता पारख. घरी काय करता येतं?

पहिलं, डोळे. उजेडात, शक्य तर भिंग घेऊन, जिथे घासलं जातं तिथे बघा. पाटलीची आतली बाजू, कडा, साखळीच्या कड्या जिथे एकमेकींत अडकतात ती जागा, फासा, कर्णफुलाची दांडी. मुलामा आधी तिथून उडतो आणि खालून तांबूस, फिकट पिवळा किंवा पांढरा धातू दिसू लागतो. खऱ्या सोन्याचा रंग झिजलेल्या जागीही तोच राहतो. मात्र डाक दिलेल्या जागी रंग थोडा वेगळा दिसू शकतो, त्याने घाबरू नका.

दुसरं, शिक्के. भारतीय मानक ब्यूरोची सोन्याच्या हॉलमार्कची योजना २००० सालापासून आहे आणि जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. १ एप्रिल २०२३ पासून, जिथे सक्ती आहे तिथे, सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक असलेलाच नवा दागिना सराफाला विकता येतो. म्हणजे तीन खुणा बघायच्या: ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (उदाहरणार्थ २२ के ९१६) आणि तो सहा अक्षर-अंकांचा क्रमांक, ज्याला एचयूआयडी म्हणतात. मोबाईलवर ब्यूरोचं ‘बीआयएस केअर’ नावाचं अॅप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की दागिना कोणत्या प्रकारचा, किती शुद्धतेचा, कुठे तपासला ते दिसतं. नुसता क्रमांक सापडला म्हणून खूश होऊ नका. अॅपमध्ये ‘अंगठी’ लिहिलंय आणि तुमच्या हातात बांगडी आहे, तर क्रमांक कुठूनतरी उचललेला आहे.

फसवे शिक्केही असतात. ‘केडीएम’ हा शुद्धतेचा शिक्का नाही. कॅडमियम घालून डाक दिली की त्याला केडीएम म्हणत. त्या धुराने कारागिरांची फुप्फुसं खराब होतात, आणि आपण ते नाव मोठेपणाने घेत होतो. ९२५ आकडा दिसला तर ती चांदी आहे, वर सोन्याचं पाणी असेल. परदेशातून आणलेल्या वस्तूंवर इंग्रजी ‘जी-पी’ अक्षरं असली तर तो मुलामा, ‘जी-एफ’ असली तर सोन्याचा जाडसर पत्रा चढवलेला दुसरा धातू.

आणि उलटही लक्षात ठेवा. शिक्का नाही म्हणजे सोनं खोटं, असं नाही. आजीच्या, आईच्या दागिन्यांवर हॉलमार्क असणार कुठून? तसे दागिने बाळगणं, मोडणं, गहाण टाकणं यांत बेकायदा काही नाही. ते फक्त तपासून घ्यावे लागतात.

तिसरं, लोहचुंबक. सोनं चिकटत नाही. पण पितळ, तांबं, चांदी हीही चिकटत नाहीत. म्हणजे चिकटलं तर आत लोखंड आहे एवढंच कळतं. न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही. आणि फाशातली बारीक स्प्रिंग पोलादी असते, ती चिकटली म्हणून अख्खी साखळी खोटी ठरवू नका.

चौथं, पाण्यातलं वजन. हे आत्ता करून दाखवते. सोनं फार जड असतं. २२ कॅरेट सोनं त्याच आकारमानाच्या पाण्याच्या साडेसतरा ते अठरा पट जड, चांदी साडेदहा पट, तांबं नऊ पट, पितळ साधारण साडेआठ पट. हा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. ही पाटली कोरडी ठेवली: २० ग्रॅम. आता पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. पाटलीला दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही अशी हाताने धरली. हवेचे बुडबुडे झटकले. काटा काय दाखवतो? १.१२. वीस भागिले एक पूर्णांक बारा, म्हणजे जवळजवळ अठरा. सोनं. आता माझी. कोरडी ११.१ ग्रॅम, पाण्यात १.३. भागाकार साडेआठ. पितळ! शाळेत हे शिकलेलो असतो, पण भागाकाराचा उपयोग आपल्या पाटलीवर करायला कोणी सांगत नाही.

याच्या मर्यादा सांगते. पोकळ, लाख भरलेला, खडे किंवा काळे मणी असलेला दागिना या रीतीने तपासता येत नाही. आणि यातून नेमका कस कळत नाही, फक्त ‘सोनं की दुसरं काही’ एवढंच कळतं. टंगस्टन नावाचा धातू सोन्याइतकाच जड असतो, वळी-बिस्किटांत त्याची भेसळ होते. म्हणून वळी घरी पारखू नका.

काय करू नये तेही ऐका. दातांनी चावू नका, त्याने काही ठरत नाही आणि मऊ सोन्यावर खूण पडते. चुलीवर तापवू नका, लाखेचा डाग जाईल. व्हिनेगर-लिंबू यांवर विसंबू नका. आणि नायट्रिक आम्ल घरात आणू नका. त्याने कातडी जळते, त्याचा धूर छातीत जातो. ते काम दुकानातच.

दुकानात गेलात तरी नुसतं ‘बघा हो’ म्हणून डाग काऊंटरवरून आत पाठवायचा नाही. तपासणी आपल्या डोळ्यांसमोर. कसोटीच्या दगडावरची रेघ वरच्या थराची असते, म्हणून मुलामा जाड असेल तर ती रेघ खरी दिसेल. म्हणून आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी कानस मारून तिथली रेघ बघायला सांगा. यंत्राने, म्हणजे क्ष-किरणांनी, कस मोजतात त्याचंही तसंच. यंत्र वरचाच थर वाचतं. तीन-चार जागी वाचन घ्यायला सांगा, त्यातली एक जागा खरवडलेली असू द्या. आकडे जागोजागी बदलले तर समजावं की आत काहीतरी निराळं आहे. शेवटची, निर्विवाद कसोटी आगीची. त्यात डागातून नमुना काढून शिशाबरोबर तापवतात, हलके धातू जातात, चांदी आम्लाने वेगळी करतात, आणि उरतं ते सोनं तोलतात. ती हॉलमार्क केंद्रात होते.

ब्यूरोच्या मान्यताप्राप्त केंद्रात साधा ग्राहकही आपला दागिना तपासून अहवाल घेऊ शकतो. २०२२ मध्ये ठरलेला दर चार नगांपर्यंत २०० रुपये आणि पाच किंवा जास्त असतील तर नगाला ४५ रुपये, असा होता. जाण्याआधी त्या दिवसाचा दर विचारा. हॉलमार्क असूनही कस कमी निघाला, तर २०१८ च्या नियमांप्रमाणे कमी भरलेल्या शुद्धतेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळायला हवा.

यात एक बोचणारी गोष्ट आहे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणजे मोलकरणीचं, ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईचं जे सोनं असतं, फुली, मंगळसूत्राच्या दोन वाट्या, चार मणी, ते बहुधा या सक्तीच्या बाहेर राहतं. जिच्याकडे सगळ्यात कमी, तिला सगळ्यात कमी संरक्षण. तिने निदान पक्की पावती मागितली पाहिजे, आणि ती मिळत नसेल तर आपल्यातल्या एकीने तिच्याबरोबर दुकानात उभं राहिलं पाहिजे.

आता कायद्याशी सांधा जोडते. १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन ही बाईची संपूर्ण स्वतःची मालमत्ता आहे. नवरा किंवा सासरचे ते फक्त सांभाळतात. परत दिलं नाही तर तो फौजदारी विश्वासघात. आधी हे दंडविधानाच्या ४०६ कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१६ कलमात आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्त्रीधन अडकवून ठेवलं आहे तोवर तो गुन्हा चालूच असतो, म्हणून ‘फार वर्षं झाली’ असं म्हणून कोणाला परत पाठवू नका. २०२४ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने स्त्रीधन ही नवराबायकोची सामाईक मालमत्ता नाही, हे पुन्हा स्पष्ट केलं. मुस्लिम मैत्रिणींसाठी १९८६ च्या कायद्यात, लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर तिला मिळालेल्या वस्तूंवर घटस्फोटानंतर तिचा हक्क लिहिलेला आहे.

कायदा आहे. पण कायदा विचारतो, ‘काय दिलं होतं?’ आणि आपण सांगतो, ‘पाटल्या दोन.’ हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ मध्ये केलेले नियम आहेत. लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची, त्यावर वधूवरांच्या सह्या, आणि नवरीची यादी नवरीने जवळ ठेवायची. किती लग्नांत तुम्ही अशी यादी पाहिलीत? मी तरी बोटांवर मोजण्याइतक्या. यादीत वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव यायला हवं. त्यात आपण आणखी चार गोष्टी घालू: एकूण वजन, लाख-खडे-मणी सोडून सोन्याचं निव्वळ वजन, कस, आणि असेल तर एचयूआयडी. शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो. पावती नवरीच्या नावाने. वडिलांच्या नाही, भावाच्या नाही, नवऱ्याच्या तर नाहीच. हॉलमार्क दागिन्याच्या पावतीवर निव्वळ वजन आणि शुद्धता लिहिणं सराफाला बंधनकारक आहे, तेव्हा मागताना संकोच कसला?

ज्यांच्याकडे जुनं सोनं आहे आणि पावती नाही, त्यांनी या महिन्यात तपासून अहवाल करून घ्यावा. बँकेत कधी सोनं तारण ठेवलं असेल तर त्या पावतीवरही वजन आणि कस असतो, ती जपून ठेवा. तीही पुराव्याला उपयोगी पडते.

आणि जेव्हा दागिने परत घ्यायची वेळ येईल, पोलीस ठाण्यात असो, कोर्टात असो की नातेवाइकांच्या बैठकीत, तेव्हा आपल्या कार्यकर्तीने एवढं करायचं. जाताना काटा पिशवीत न्यायचा. प्रत्येक नग तोलून वजन यादीत लिहायला लावायचं. शक्य असेल तिथे सराफाला तज्ज्ञ म्हणून बोलवायची विनंती लेखी द्यायची. तपासणी त्याच दिवशी होणार नसेल तर ‘मिळाले, तक्रार नाही’ असं लिहू द्यायचं नाही. ‘वजन नोंदवून, तपासणीच्या अधीन राहून ताब्यात घेतले’ असं लिहायचं. समोरचे घाई करतील. ‘आता दिलंय ना, कर सही’ म्हणतील. आपली बाई थकलेली असेल, तिला घरी जायचं असेल. तेव्हा तिच्यासाठी थांबायला आपण आहोत.

पाटल्या फिरून आल्या का? कोणाला ओळखता आली? हात वर करा. पाच-सहा जणींनी ओळखली म्हणता. ज्यांच्या हातात एकच आली त्यांना ओळखता आली नाही, हे मी बघत होते. ज्यांनी दोन्ही एकदम हातात घेतल्या त्यांना लगेच कळलं, कारण एक दुसरीच्या निम्मी हलकी आहे. पोलीस ठाण्यात माझ्या हातात एकच जोडी होती. तोलून बघायला दुसरी नव्हती. लिहून ठेवलेलं वजन म्हणजे ती दुसरी जोडी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. आपण हुंड्याविरुद्ध आहोत, आणि राहू. सोन्यावाचून मुलीचं अडतं असं मी म्हणत नाही. पण शेताचा सातबारा त्याच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर, बँकेचं पुस्तक त्याच्या खिशात, अशा घरात बाईच्या नावाचं जे काही असतं ते तिच्या अंगावर असतं. तिला ‘सोन्याची हौस’ म्हणून हसायचं आणि त्या सोन्याचं वजन, कस, पावती, कुलूप सगळं पुरुषांच्या हातात ठेवायचं, हा जुना खेळ आहे. हौस तिची आणि हिशेब त्यांचा! हिशेब आपल्याला आला पाहिजे.

ही खोटी पाटली मी मोडीत घातली नाही. प्रत्येक शिबिरात फिरवते. माझ्या आईचं म्हणणं खरं होतं, हे तिला सांगायला मला जमलं नाही. तुमच्यापैकी ज्यांची आई अजून आहे त्यांनी आज घरी गेल्यावर तिला विचारा, “मला दिलेलं किती वजनाचं होतं?” ती सांगेल, तिला गुंजेपर्यंत आठवत असेल. आणि ते तिच्यासमोर कागदावर लिहून घ्या.